लिनक्सवर पार्टिशन बदलताना अडलं तर कुठे बघायचं, काय करायचं, काय अजिबात करायचं नाही

एफडिस्क या पार्टिशन बदलायच्या प्रोग्रॅममध्ये डब्ल्यू (बदल डिस्कवर लिहा) दाबलं, पार्टिशन टेबल बदलल्याचा संदेश आला, आणि तरीही 'डीएफ -एच' जुनाच आकार दाखवतोय. किंवा टेबल लिहितानाच 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी' म्हणून अडलं. किंवा सगळं सुरळीत पार पडलं आणि पुढच्या बूटला मशीन दीड मिनिट एकाच ओळीवर थांबून इमर्जन्सी मोडमध्ये गेलं. तक्रारी वेगवेगळ्या दिसतात, पण मूळ बहुतेक वेळा एकच असतं. डिस्कवरची जागा कुठून कुठपर्यंत कोणाची, याची नोंद चार-पाच ठिकाणी असते आणि त्यातली एखादी मागे राहिलेली असते.

लेखातल्या कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या; मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे. बहुतेक सगळ्यांना रूटचे अधिकार लागतात, म्हणून आधी 'सुडो' आहेच असं धरा.

नोंदी कुठे कुठे असतात

खालून वर जाऊ. सर्वांत खाली प्रत्यक्ष डिस्क, किंवा व्हर्च्युअल मशीन असेल तर तिला दिलेली आभासी डिस्क. तिच्यावर पार्टिशन टेबल, म्हणजे डिस्कचा कोणता भाग (पार्टिशन) कुठून कुठपर्यंत याची यादी; ती जुन्या एमबीआर किंवा नव्या जीपीटी पद्धतीची असते. मग कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) बूटच्या वेळी वाचून मेमरीत ठेवलेली त्या टेबलची प्रत. त्यावर असल्यास लक्स (एन्क्रिप्शन), एलव्हीएम (जागा लवचिकपणे वाटणारा थर) किंवा रेड (अनेक डिस्क एकत्र जोडणारा ॲरे). आणि सगळ्यांत वर फाइल सिस्टिम (ईएक्सटी४, एक्सएफएस वगैरे), जिच्या सुपरब्लॉकमध्ये, म्हणजे स्वतःच्या माहितीच्या ब्लॉकमध्ये, 'मी एवढ्या ब्लॉकची आहे' असं लिहिलेलं असतं.

टेबल हा जमिनीचा सातबारा समजा. उताऱ्यावरचं नाव खोडलं म्हणून शेत हलत नाही, आणि उताऱ्यावर दोन एकर वाढवून लिहिले म्हणून पीक आपोआप वाढत नाही. टेबलमधली नोंद पुसली गेली तरी डेटा जागच्या जागी असतो. तो नष्ट होतो ते त्यानंतर घाईत चालवलेल्या 'एमकेएफएस'मुळे (नवी फाइल सिस्टिम बनवणारी कमांड) किंवा 'एफएससीके'मुळे (फाइल सिस्टिम दुरुस्त करणारी कमांड). 'एमकेएफएस.ईएक्सटी४' तर एसएसडीवर आधी सगळे ब्लॉक मोकळे झाल्याचं डिस्कला कळवते, आणि मग परत मिळवायला फारसं काही उरत नाही.

म्हणून कुठलाही एरर आला की आधी प्रत्येक थराला त्याचा आकार विचारा:

एलएसबीएलके -ओ नेम,साइझ,टाइप,एफएसटाइप,माउंटपॉइंट,सिरियल
एफडिस्क -एल /डेव्ह/एसडीए
कॅट /प्रॉक/पार्टिशन्स
डीएफ -एच

'एफडिस्क -एल' डिस्कवरचं टेबल वाचतो. 'एलएसबीएलके' आणि '/प्रॉक/पार्टिशन्स' कर्नलच्या डोक्यात काय आहे ते सांगतात. 'डीएफ' फाइल सिस्टिमचं म्हणणं सांगतो. जिथे आकडे जुळायचे थांबतात, तिथेच दुरुस्ती करायची. दहा ठिकाणांहून गोळा केलेल्या कमांड एकामागून एक चालवण्यापेक्षा या चार ओळींत जास्त उत्तरं मिळतात.

हात लावण्याआधी

डिस्क तीच आहे ना, हे सिरियल नंबरवरून ताडा. एसडीए आणि एसडीबी ही नावं बूटगणिक बदलू शकतात. '/डेव्ह/डिस्क/बाय-आयडी' या फोल्डरातली नावं बदलत नाहीत.

मग टेबलची प्रत काढा:

एसएफडिस्क -डी /डेव्ह/एसडीए > एसडीए-टेबल.टीएक्सटी

ही साधी मजकुराची फाइल असते. प्रत्येक पार्टिशनचा स्टार्ट, साइझ, टाइप आणि जीपीटी असेल तर यूयूआयडी (लांबलचक ओळख क्रमांक) तिच्यात मिळतो. ती पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या मशीनवर ठेवा, त्याच डिस्कवर ठेवून उपयोग नाही. परत आणायची वेळ आली तर तीच फाइल '<' चिन्हाने एसएफडिस्कला द्यायची. डेटाचा बॅकअप वेगळा, आणि तो नसेल तर हा लेख पुढे वाचा पण आज काहीही बदलू नका.

अजून एक सवय फार उपयोगी पडते. खऱ्या डिस्कला हात लावण्याआधी खोट्या डिस्कवर सराव करा. 'ट्रंकेट -एस २जी सराव.आयएमजी' ने दोन जीबीची रिकामी फाइल बनते आणि 'लोसेटअप -एफपी --शो सराव.आयएमजी' (इथे 'पी' मोठा) ती लूप डिव्हाइस, म्हणजे खोटी डिस्क, म्हणून जोडते. तिच्यावर पार्टिशन करा, फॉरमॅट करा, वाढवा, मोडा. जी कमांड पहिल्यांदाच वापरणार आहात, ती इथे चालवून बघितल्याशिवाय खऱ्या डिस्कवर चालवू नये.

डिस्क वाढवली, पण जागा दिसत नाही

हा सगळ्यांत जास्त आढळणारा प्रकार. समजा व्हर्च्युअल मशीनची डिस्क २० जीआयबीची (१०२४च्या पटीत मोजलेले जीबी) होती, ती ४० केली. जीपीटी टेबल आहे, पहिलं पार्टिशन ५१२ एमआयबीचं ईएफआय (बूटसाठीचं), दुसऱ्यावर ईएक्सटी४ मध्ये रूट (मुख्य फाइल सिस्टिम).

आधी 'एलएसबीएलके'मध्ये खुद्द एसडीए ४०जी दिसतोय का बघा. नसेल तर कर्नललाच बातमी लागलेली नाही. मशीन बंद न करता सांगायचं असेल तर (इथे नुसतं 'सुडो' पुरत नाही, आधी 'सुडो -आय' ने रूट व्हा):

एको १ > /सिस/क्लास/ब्लॉक/एसडीए/डिव्हाइस/रीस्कॅन

आता एफडिस्क उघडलात की लाल अक्षरांत ओळ येईल: 'जीपीटी पीएमबीआर साइझ मिसमॅच (४१९४३०३९ != ८३८८६०७९) विल बी करेक्टेड बाय राइट'. घाबरू नका. जीपीटी आपली दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटच्या सेक्टरांत (सेक्टर म्हणजे डिस्क मोजायचा सर्वांत लहान तुकडा, बहुधा ५१२ बाइटचा) ठेवतो. डिस्क वाढली, आणि जो शेवट होता तो मध्यावर आला. प्रत तिथेच राहिली. पहिला आकडा जुन्या डिस्कचा शेवटचा सेक्टर, दुसरा नव्या डिस्कचा. 'एसजीडिस्क -ई /डेव्ह/एसडीए' ने प्रत नव्या शेवटाला जाते. पार्टेड हा दुसरा पार्टिशन प्रोग्रॅम वापरत असाल तर तो 'फिक्स/इग्नोर?' विचारतो, तिथे 'फिक्स' म्हणा.

पार्टिशन वाढवायला दोन सोपे मार्ग आहेत. क्लाउड इमेजमध्ये 'ग्रोपार्ट' असतो:

ग्रोपार्ट /डेव्ह/एसडीए २

एसडीए आणि २ यांच्या मध्ये जागा सोडायची, ती राहून गेली की कमांड चालत नाही. दुसरा मार्ग पार्टेडचा: 'पार्टेड /डेव्ह/एसडीए रिसाइझपार्ट २ १००%'. दोन्हीत स्टार्ट सेक्टर आणि पार्टिशनचा यूयूआयडी तसाच राहतो. नव्या सीएफडिस्कमध्येही 'रिसाइझ' असतं.

एफडिस्कमध्ये पार्टिशन पुसून पुन्हा बनवायची जुनी पद्धत अजून सर्रास सांगितली जाते. ती चालते, पण तिच्यात चार जागी घसरायला होतं, म्हणून ती नीट बघू.

'पी' दाबून स्टार्ट सेक्टर कागदावर लिहून घ्या. आपल्या उदाहरणात तो १०५०६२४ आहे: सुरुवातीचे २०४८ सेक्टर, अधिक ५१२ एमआयबीचे १०४८५७६. 'डी' आणि मग 'एन' दाबल्यावर एफडिस्क स्वतः एक स्टार्ट सुचवतो. तो मुकाट्याने एंटर मारून घेऊ नका, कागदावरच्या आकड्याशी एकेक अंक ताडून बघा. सुपरब्लॉक पार्टिशनच्या सुरुवातीपासून मोजून १०२४व्या बाइटवर असतो, त्यामुळे स्टार्ट एका सेक्टरने जरी सरकला तरी फाइल सिस्टिम सापडत नाही. फार जुन्या डिस्कवर पहिलं पार्टिशन ६३व्या सेक्टरला सुरू होतं आणि आजचा एफडिस्क २०४८च्या खाली येऊ देत नाही. तिथे 'एफडिस्क -सी=डॉस' असं उघडावं लागतं.

शेवटच्या सेक्टरला डिफॉल्ट घ्या. मग प्रश्न येतो: पार्टिशनमध्ये ईएक्सटी४ची सिग्नेचर आहे, काढून टाकू का? उत्तर 'एन'. इथे 'वाय' म्हटलं की फाइल सिस्टिमची ओळखच पुसली जाते. तिसरी गोष्ट टाइपची. एलव्हीएम किंवा ईएफआय असेल तर 'टी' दाबून टाइप पूर्ववत करा, आणि एमबीआरवर बूट फ्लॅग होता तर 'ए' दाबून परत लावा. चौथी गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. नव्याने बनवलेल्या जीपीटी पार्टिशनला नवा पार्टयूयूआयडी (पार्टिशनचा यूयूआयडी) मिळतो. बूटलोडर किंवा एफएसटॅब (बूटला काय कुठे माउंट करायचं याची फाइल) जुन्या पार्टयूयूआयडीवर अवलंबून असेल तर बूट होणार नाही. 'एक्स' दाबून तज्ज्ञांच्या मेनूत जा आणि 'यू' ने जुना क्रमांक परत द्या. मनात जरा जरी शंका असेल तर 'क्यू' दाबून बाहेर पडा. डब्ल्यू दाबेपर्यंत एफडिस्क डिस्कवर काहीही लिहीत नाही. पार्टेडचं उलट आहे, तिथे प्रत्येक कमांड एंटरसरशी डिस्कवर उमटते.

'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी'

टेबल डिस्कवर लिहिलं गेलं, पण कर्नल जुनीच प्रत धरून बसला आहे, एवढाच याचा अर्थ. सगळं टेबल पुन्हा वाचण्याची विनंती कर्नल तेव्हाच मान्य करतो जेव्हा त्या डिस्कवरचं एकही पार्टिशन वापरात नसतं. रूट त्याच डिस्कवर असेल तर ते शक्यच नाही.

पण एकेका पार्टिशनची नोंद वेगळी कळवता येते, आणि वापरात असलेलं पार्टिशन वाढवल्याचं कर्नल ३.६ आवृत्तीपासून, म्हणजे २०१२पासून स्वीकारतो. तेव्हा रीबूटच्या आधी हे करून बघा:

पार्टएक्स -यू /डेव्ह/एसडीए

'पार्टप्रोब'ही साधारण हेच काम करतो. तरीही अडलं तर पार्टिशन कोणी धरून ठेवलंय ते शोधा. 'स्वॅपॉन --शो' बघा (स्वॅप म्हणजे मेमरी कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा). 'एलएस /सिस/क्लास/ब्लॉक/एसडीए३/होल्डर्स' मध्ये डीएम-० असं काही दिसलं तर एलव्हीएम किंवा लक्स आहे. एमडी१२७ दिसलं तर जुन्या रेडच्या खुणा ओळखून सिस्टिमने तो ॲरे स्वतःहून उभा केला आहे. नवी म्हणून आणलेली, पण आधी एखाद्या एनएएस (नेटवर्कवरच्या साठवणुकीच्या) पेटीत वापरलेली डिस्क हमखास असं करते. 'एमकेएफएस' तेव्हा 'ॲपरंटली इन यूज बाय द सिस्टिम' म्हणून नकार देतो, आणि माउंट तर काहीच नसतं. 'एमडीएडीएम --स्टॉप /डेव्ह/एमडी१२७' ने ॲरे थांबवा. मग 'वाइपएफएस /डेव्ह/एसडीबी' नुसतं चालवून कोणत्या खुणा आहेत ते बघा. पर्याय न देता ते फक्त यादी देतं. यादी पटली, डेटा नको आहे याची खात्री झाली, तरच '-ए' लावा.

पार्टिशन लहान केलं असेल किंवा सुरुवात बदलली असेल आणि ते वापरात असेल, तर मात्र जबरदस्ती करू नका. लाइव्ह यूएसबीवरून बूट करा आणि तिथून काम करा.

आता वरचे थर

पार्टिशन वाढलं, 'एलएसबीएलके'ला दिसलं, तरी 'डीएफ' जुनाच आकडा देणार. साधं ईएक्सटी४ असेल तर 'रिसाइझ२एफएस /डेव्ह/एसडीए२', चालू असतानाच होतं. एक्सएफएस असेल तर 'एक्सएफएस_ग्रोएफएस /', इथे डिव्हाइसऐवजी माउंट पॉइंट द्यायचा. मधे एलव्हीएम असेल तर आधी 'पीव्हीरिसाइझ /डेव्ह/एसडीए३', मग 'एलव्हीएक्स्टेंड -आर -एल +१००%फ्री' आणि पुढे लॉजिकल व्हॉल्यूमचं नाव. '-आर' मुळे फाइल सिस्टिमही सोबतच वाढते. लक्स असेल तर त्याच्या जागी 'क्रिप्टसेटअप रिसाइझ'. खालून वर, एकही पायरी न गाळता.

मधे स्वॅप आडवं आलं आहे

जुन्या डेबियन आणि उबुंटू मशीनवर ही मांडणी वारंवार दिसते: एसडीए१ रूट, मग एसडीए२ एक्स्टेंडेड, आणि त्याच्या पोटात एसडीए५ स्वॅप. डिस्क वाढवली तर मोकळी जागा स्वॅपच्या पलीकडे येते, आणि पार्टिशन फक्त लगतच्या जागेत वाढतं.

स्वॅप हलवत बसण्यापेक्षा ते काढूनच टाका. 'स्वॅपऑफ -ए' करा, ५ आणि मग २ पुसा, १ वाढवा, फाइल सिस्टिम वाढवा आणि स्वॅपसाठी एक फाइल बनवा. '/स्वॅपफाइल' ला ६०० परवानगी द्या, 'एमकेस्वॅप' आणि 'स्वॅपॉन' चालवा, एफएसटॅबमधली जुनी ओळ काढून नवी घाला. डेबियन घराण्यात एवढ्यावर संपत नाही. '/ईटीसी/इनिटरॅमएफएस-टूल्स/कॉन्फ.डी/रिझ्यूम' मध्ये जुन्या स्वॅपचा यूयूआयडी असतो आणि बूट त्याची वाट बघत राहतं. ती नोंद बदलून 'अपडेट-इनिटरॅमएफएस -यू' चालवा. स्वॅप पार्टिशनच ठेवायचं असेल तर नवं बनवताना 'एमकेस्वॅप -यू' ला (इथे 'यू' मोठा) जुना यूयूआयडी द्या, मग कुठेच काही बदलावं लागत नाही.

लहान करताना

इथे क्रम उलटा: आधी फाइल सिस्टिम, मग पार्टिशन. एक्सएफएस लहान होत नाही असंच धरून चाला. ईएक्सटी४ अनमाउंट करून 'ई२एफएससीके -एफ', मग 'रिसाइझ२एफएस /डेव्ह/एसडीए२ २०जी'.

यापुढचं पाऊल सर्वांत धोक्याचं. रिसाइझ२एफएसचा २०जी म्हणजे २० जीआयबी, २१,४७,४८,३६,४८० बाइट. पार्टेडमध्ये २०जीबी लिहिलंत तर तो २०,००,००,००,००० बाइट धरतो. म्हणजे फाइल सिस्टिमचा शेवटचा जवळपास १.४ जीआयबी पार्टिशनच्या बाहेर. शिवाय पार्टेडच्या 'रिसाइझपार्ट'मध्ये जो आकडा देतो तो आकार नसून डिस्कच्या सुरुवातीपासून मोजलेला शेवट असतो. सुरक्षित मार्ग असा: फाइल सिस्टिम हवी त्यापेक्षा दोन-तीन जीआयबी लहान करा, पार्टिशन हव्या त्या आकाराचं करा, आणि मग आकार न देता 'रिसाइझ२एफएस' पुन्हा चालवा. ती स्वतःच कडेपर्यंत पसरते.

हे चुकलं असेल तर माउंट होत नाही आणि डीमेसेजमध्ये (डीएमईएसजी ही कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) 'बॅड जिऑमेट्री: ब्लॉक काउंट ... एक्सीड्स साइझ ऑफ डिव्हाइस' अशी ओळ येते. 'ई२एफएससीके' हेच वेगळ्या शब्दांत सांगून 'ॲबॉर्ट?' विचारतो. तिथे 'हो' म्हणा. फाइल सिस्टिम धडधाकट आहे, तिचं कुंपण आत आलंय, आणि 'नाही' म्हटलं तर तो चांगल्या फाइल सिस्टिमला कापायला बसेल. ओळीत दिलेला ब्लॉक काउंट ४ केआयबीच्या ब्लॉकसाठी ८ ने गुणा, म्हणजे ५१२ बाइटचे किती सेक्टर हवेत ते कळतं. आपल्या मूळ २० जीआयबी उदाहरणात ५१११२९६ ब्लॉक, म्हणजे ४०८९०३६८ सेक्टर. पार्टिशनचा स्टार्ट तोच ठेवून निदान एवढा आकार द्या. त्यानंतर ती जागा दुसऱ्या कोणी वापरली नसेल तर सगळं परत येतं.

टेबलच गेलं

चुकीच्या डिस्कवर डब्ल्यू दाबलं गेलं आणि मशीन अजून चालू आहे? मग ते रीबूट करू नका, पार्टप्रोबही चालवू नका. कर्नलने जुनी प्रत अजून सोडली नसेल तर तीच तुमचा एकमेव बॅकअप आहे:

ग्रेप . /सिस/क्लास/ब्लॉक/एसडीए?/स्टार्ट
ग्रेप . /सिस/क्लास/ब्लॉक/एसडीए?/साइझ

हे आकडे नेहमी ५१२ बाइटच्या सेक्टरात असतात, डिस्कचा सेक्टर ४०९६चा असला तरी. तशी डिस्क असेल तर एफडिस्कला देताना ८ ने भागा. आकडे लिहून घ्या, फोटो काढा, आणि त्यावरून एसएफडिस्कची फाइल हाताने तयार करून लिहा. डिस्क वापरात असल्यामुळे तो नकार देईल, तेव्हा '--नो-रीरीड --फोर्स' लावावं लागेल.

मशीन बंद झालं असेल आणि टेबल जीपीटी असेल तर शेवटची प्रत बहुधा शाबूत असते. एफडिस्क किंवा जीडिस्क उघडताच 'प्रायमरी खराब, बॅकअप ठीक' असं काहीसं सांगतात. नोंदी ओळखीच्या दिसल्या तर लिहून टाका. एमबीआरला अशी दुसरी प्रत नसते, तिथे ख्रिस्टोफ ग्रेनिए यांचा टेस्टडिस्क डिस्क चाळून फाइल सिस्टिमच्या खुणा शोधतो. त्याच्या यादीत जुन्या, कधीच पुसलेल्या पार्टिशनांच्या खुणाही येतात, म्हणून लिहिण्याआधी ताडून बघा. स्टार्ट १०५०६२४ असावा असं वाटतंय तर त्याला ५१२ ने गुणा आणि टेबलला हात न लावता माउंट करा:

माउंट -ओ आरओ,नोलोड,ऑफसेट=५३७९१९४८८ /डेव्ह/एसडीए /एमएनटी

फाइली दिसल्या तर आकडा बरोबर. डीमेसेजमध्ये आय/ओ एरर दिसत असतील तर मात्र हे काहीच करू नका. आधी 'डीडीरेस्क्यू' ने डिस्कची प्रत घ्या आणि सगळे प्रयोग त्या प्रतीवर करा.

बूट अडलं

'अ स्टार्ट जॉब इज रनिंग फॉर...' आणि पुढे लांबलचक यूयूआयडी, ९० सेकंदांची मोजणी. एफएसटॅबमधली एखादी ओळ आता अस्तित्वात नसलेल्या फाइल सिस्टिमची वाट बघते आहे. इमर्जन्सी शेलमध्ये 'बीएलकेआयडी' आणि एफएसटॅब शेजारी ठेवून जुळवा, ओळ दुरुस्त करा, 'फाइंडएमएनटी --व्हेरिफाय' ने तपासा. डेटाच्या डिस्कांना एफएसटॅबमध्ये 'नोफेल' लावून ठेवा, म्हणजे त्या नसल्या तरी बूट अडत नाही. हीच तपासणी पार्टिशन बदलल्यावर लगेच, रीबूटच्या आधी केली तर दूरच्या सर्व्हरचा कन्सोल शोधण्याची पाळी येत नाही.

डिस्क केसमधून काढली आणि रिकामी दिसते

दोन टीबीपेक्षा मोठ्या काही बाहेरच्या यूएसबी डिस्क आपला सेक्टर ४०९६ बाइटचा असल्याचं सांगतात, कारण जुन्या एमबीआरमध्ये ३२ बिटांचे आकडे असतात आणि ५१२च्या सेक्टरांनी २ टीआयबीच्या पुढे मोजता येत नाही. तीच डिस्क केसमधून काढून थेट साटाला (मशीनच्या आतल्या जोडणीला) जोडली की सेक्टर ५१२चा होतो. जीपीटीचं शीर्षक १ क्रमांकाच्या सेक्टरात असतं. लिहिताना ते ४०९६व्या बाइटवर गेलं, आता मशीन ५१२व्या बाइटवर शोधतंय, आणि 'इनिशिअलाइझ करू का?' असं विचारलं जातं. 'एलएसबीएलके -ओ नेम,लॉग-एसईसी' दोन्ही जोडण्यांत चालवून बघा. आकडा बदलत असेल तर काहीही लिहू नका, डिस्क मूळ केसमध्ये घाला आणि डेटा दुसरीकडे उतरवून घ्या. केसच बिघडली असेल तर वरच्यासारखं ऑफसेट देऊन माउंट करा, फक्त पार्टिशनचा स्टार्ट ५१२ऐवजी ४०९६ ने गुणायचा.